गळकाठीवरील कड्या व त्यांची दुरुस्ती

गळकाठीवरील कड्या : गळाने मासे पकडण्याच्या काठीवर रिळापासून शेंड्यापर्यंत दोरी ओवून नेण्यासाठी ठराविक अंतरांवर बसविलेली लहान वलये. मच्छीमारांत त्यांना ‘रिंग’ किंवा ‘गाइड’ म्हणतात. दोरीला वाट दाखविणे हे त्यांचे उघड दिसणारे काम आहे; परंतु माशाच्या ओढीचा भार काठीच्या संपूर्ण लांबीवर वाटून देणे हे त्यांचे अधिक महत्त्वाचे कार्य होय. म्हणूनच एखादी कडी तडकली, झिजली किंवा निखळली, तर त्याचा परिणाम त्या कडीपुरता राहत नाही. दोरी ऐन वेळी तुटते आणि प्रसंगी काठीही मोडते.

कोकणात खाडीच्या काठी गरवण्यासाठी वापरतात त्या साध्या बांबूच्या काठीला कड्या नसतात. दोरी किंवा तंगूस शेंड्यालाच बांधलेला असतो. जपानमधील डोंगरी ओढ्यांवर प्रचलित असलेली ‘तेंकारा’ ही पद्धतही याच जातीची आहे. दोरी साठविणारे रीळ आल्यावर मात्र तिला मुठीपासून शेंड्यापर्यंत सांभाळून नेणे भाग पडले. चीनमध्ये रीळ फार पूर्वीपासून माहीत असावे; सु. ११९५ मधील मा युआन या चित्रकाराच्या एका चित्रात होडीत बसलेल्या मच्छीमाराच्या काठीवर ते स्पष्ट दिसते. इंग्लंडमध्ये टॉमस बार्कर यांच्या १६५१ मधील पुस्तकात त्याचा उल्लेख येतो. १९०५ मध्ये ॲल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी स्थिर रिळाचे एकस्व घेतले. या रिळावरून दोरी वेटोळ्यांच्या रूपात उसळत सुटते. ती वेटोळी आवरण्यासाठी मुठीजवळची कडी मोठी व पुढच्या कड्या क्रमाने लहान ठेवण्याची पद्धत आहे.

कडीचे सामान्यतः तीन भाग असतात : दोरी जिच्यातून सरकते ते वलय, वलयाला धरणारी तारेची किंवा पत्र्याची चौकट आणि काठीच्या दांड्यावर टेकणारा एक अथवा दोन पाय. पाय दांड्याला खिळ्याने किंवा डिंकाने जोडलेले नसतात. त्यांवर दोरा घट्ट गुंडाळून वरून रोगण दिलेले असते. शेंड्याची कडी तेवढी निराळी. तिला पायाऐवजी बारीक नळी असते व ती दांड्याच्या टोकावर टोपीसारखी बसते.

जुन्या कड्या नुसत्या तारेच्या असत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उंची काठ्यांच्या कड्यांत अकीकाचे वलय बसवू लागले. पुढे अगंज पोलाद, क्रोमियमाचा मुलामा दिलेली तार आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ॲल्युमिनियम ऑक्साइड व सिलिकॉन कार्बाइड यांची मृत्तिका वलये प्रचारात आली. मोस मापक्रमावर अकीकाची कठिनता सु. ७, ॲल्युमिनियम ऑक्साइडाची ९ आणि सिलिकॉन कार्बाइडाची ९ हून अधिक आहे. मऊ नायलॉनाने पोलादी कडीवर खाच पडावी, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. वस्तुतः झीज घडवून आणतात ते ओल्या दोरीला चिकटलेले वाळूचे कण. वाळूतील क्वॉर्ट्झाची कठिनता ७ आहे, म्हणजे पोलादाहून अधिक. दोरी हे कण करवतीच्या दात्यांप्रमाणे एकाच जागी ओढत राहते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रूढ झालेल्या पॉलिएथिलिनाच्या वेणीदार दोऱ्या पाणी व गाळ अधिक धरतात, त्यामुळे साध्या तारेच्या कड्यांवर त्यांचा घाव लवकर दिसतो. मृत्तिका वलय अशा रीतीने सहसा झिजत नाही, मात्र ते ठिसूळ असते. काठी खडकावर आपटणे, मोटारीच्या दारात सापडणे किंवा गळ वलयातच अडकवून ठेवणे एवढ्यानेही त्याला केसासारखा तडा जातो.

असा तडा डोळ्यांना दिसतोच असे नाही. कापसाचा बोळा किंवा नायलॉनाच्या पायमोज्याचा तुकडा वलयातून सर्व बाजूंनी फिरवून पाहावा. तंतू अडकले, तर त्या जागी धार आहे असे समजावे. नखाने चाचपणे हा उपाय ढोबळ आहे. वलय चौकटीत सैल झाले असल्यास ते बोटाने हलते. पायाजवळच्या रोगणात आडवी चीर किंवा तांबूस डाग दिसला, तर आत पाणी शिरून गंज धरला आहे. खाऱ्या पाण्यावर वापरलेल्या काठ्यांत हे विशेष आढळते, कारण कार्बन तंतूंचा दांडा विद्युत् संवाहक असतो व धातूशी त्याचा ओला संपर्क आल्यास धातू अधिक वेगाने गंजतो.

हा दोष घातक का, हे थोड्या हिशोबाने कळते. दोरीत २ किग्रॅ. ताण असून ती एखाद्या कडीवर ३०° वळत असेल, तर त्या कडीवर सु. १ किग्रॅ. दाब पडतो, शेंड्याच्या कडीवर ती ९०° वळली, तर तोच दाब सु. २.८ किग्रॅ. होतो. म्हणजे मासा जितका मोठा व काठी जितकी उभी, तितकी दोरी तड्याच्या धारेवर अधिक जोराने घासते. दोरी तुटून सुटलेला मासा गळ व दोरीचा शेपटा तोंडात घेऊनच जातो. महसीरासारखा दुर्मिळ होत चाललेला मासा पकडून पुन्हा पाण्यात सोडण्याची प्रथा जेथे पाळली जाते, तेथे या हलगर्जीपणाने त्या प्रथेचा हेतूच फसतो. मधली कडी निखळल्यास शेजारच्या दोन कड्यांमधील अंतर वाढते, दांडा तेथे सारख्या वळणाने वाकत नाही आणि एका जागी ताण साचून मोडण्याचा संभव असतो.

तडकलेले वलय चिकटवून उपयोग होत नाही. सांध्याची कड कितीही घासली तरी राहतेच. वलय अखंड असून केवळ चौकटीतून सुटले असेल, तर ते एपॉक्सीने पुन्हा बसविता येते. वाकलेली चौकट चिमट्याने हलकेच सरळ करता येते, परंतु आत मृत्तिका वलय असल्यास ते सरळ करताना तडकण्याचाच संभव अधिक. बाकी सर्व प्रसंगी कडी बदलावी हे उत्तम.

जुनी कडी काढताना धारदार पाते नेहमी पायाच्या वरच्या बाजूने, म्हणजे खाली धातू असेल तेथेच चालवावे. उघड्या दांड्यावर दोरा कापू नये; काचतंतू किंवा कार्बन तंतू आडवे कापले गेले, तर तो ओरखडा पुढे मोडण्याची जागा ठरतो. रोगण चिवट असल्यास केस वाळविण्याच्या यंत्राने थोडी ऊब द्यावी, मात्र दांड्याला हात लावता येणार नाही इतका तो तापू देऊ नये. दोरा निघाल्यावर राहिलेले रोगण नखाने अथवा लाकडी कपचीने खरवडून ती जागा स्पिरिटाने पुसतात.

नव्या कडीच्या पायाचे टोक कानशीने उतरते करणे ही पायरी पुष्कळदा गाळली जाते आणि निम्मे काम तेथेच बिघडते. पायाची कड उभी राहिली, तर दोरा तिच्यावर चढताना फट पडते व त्या फटीतून पुढे पाणी शिरते. पायाच्या खालची बाजूही गुळगुळीत हवी. मग कडी कागदी चिकटपट्टीने दांड्यावर धरून मुठीकडून एका डोळ्याने पाहतात व इतर कड्यांशी तिची रेषा जुळवितात.

बांधणीसाठी नायलॉन किंवा पॉलिएस्टर दोरा घेतात. चिरलेल्या बांबूच्या जुन्या काठ्यांवर रेशीम शोभते. पायाच्या टोकाअलीकडे काही मिमी. अंतरावर सुरुवात करून दोऱ्याचे मोकळे टोक पहिल्या पाच-सहा वेढ्यांखाली दाबतात व उरलेले छाटतात. पुढचे वेढे एकमेकांना चिकटून, एकावर एक न चढता, सारख्या ताणाने घ्यावेत. ताणासाठी दोऱ्याचे रीळ जाड पुस्तकाच्या पानांत दाबून ठेवण्याची युक्ती घरगुती असली तरी चांगली आहे. शेवटचे सात-आठ वेढे राहिले, की दुसऱ्या दोऱ्याचा एक फास वेढ्यांखाली ठेवून वेढे पुरे करतात, दोऱ्याचे टोक त्या फासात घालतात आणि फास ओढून टोक वेढ्यांखाली आणतात. गाठ कोठेच नसते. एकपायी कडी पुढे निसटू नये म्हणून चौकटीच्या पुढेही काही वेढे घेतात. बांधणी अशी असावी, की कडी बोटाने दाबल्यास किंचित सरकेल; अखेरची रेषा जुळविणे त्यामुळे शक्य होते.

रोगणाचे काम बांधणी पक्की करणे आणि पाणी अडविणे एवढेच आहे. भार पेलतो तो दोरा. दोन घटकांचे एपॉक्सी रोगण समप्रमाणात मोजून चांगले ढवळावे. प्रमाण चुकले, तर ते कायम चिकट राहते आणि पावसाळ्यातील दमट हवेत त्यावर ढगाळ साय येते. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर बरे. रोगण ओघळू नये म्हणून घट्ट होईपर्यंत काठी सावकाश फिरवत राहतात आणि मग ती किमान एक दिवस हलवीत नाहीत. रोगणाने दोऱ्याचा रंग गडद व पारदर्शक होतो. जुना रंग जुळवायचा असेल, तर तुकड्यावर आधी पाहून घेतलेले बरे.

शेंड्याची कडी उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाने बसवितात, कारण पुढे ती पुन्हा काढावी लागते. नळी थोडी तापविली, की ती सरळ निघून येते. नळीचा व्यास दांड्याच्या टोकाशी अचूक जुळावा लागतो. काही देशांत तो अजूनही इंचाच्या चौसष्टांशांत मोजतात. शेंडाच मोडला असेल, तर मोडलेला भाग काटकोनात कापून अधिक व्यासाची कडी बसविता येते. काठी तेवढी आखूड व किंचित ताठ होते. पाण्याकाठी तात्पुरता इलाज म्हणून सुटलेला पाय चिकटपट्टीने घट्ट गुंडाळतात. तडकलेल्या वलयाला मात्र असा कोणताही इलाज चालत नाही. ती कडी सोडून दोरी पुढच्या कडीत ओवावी व काठीवर जोर कमी द्यावा. दुरुस्ती झाल्यावर सदोष कडीवरून गेलेला दोरीचा भाग बोटांतून सरकवून तपासतात आणि खरखरीत लागेल तेवढा कापून टाकतात.