शिक्षणासाठीं शहर निवडतांना

बारावीचा निकाल लागला कीं आपल्या धाराशिव जिल्ह्यांतील कितीतरी घरांत एकच चर्चा सुरू होते. घर कळंबचें असो, भूमचें असो, परंड्याचें असो किंवा उमरग्याचें असो; मुलास अगर मुलीस पुण्यास पाठवावें, कीं छत्रपति संभाजीनगरास, कीं सोलापूर-लातूरवरच समाधान मानावें, हा प्रश्न सर्वांपुढें उभा राहतो. गुण किती पडले, फी किती भरावी लागेल, पुढें नोकरी कोणती मिळेल, यांचा खल पुष्कळ होतो. परंतु ज्या ठिकाणीं तीन-चार वर्षें राहावयाचें तें ठिकाण कसें आहे, याचा विचार बहुधा दोन टोकांस जातो. कोणी तो मुळींच करीत नाहींत. विद्यापीठाचें नांव मोठें, एवढ्यावरच ते निश्चिंत होतात. दुसरे कोणी शहराची इतकी धास्ती घेतात कीं, मुलीचा प्रवेशअर्जच भरूं देत नाहींत. दोन्ही चुकांची किंमत शेवटीं विद्यार्थ्यालाच द्यावी लागते. म्हणून स्थळ आणि सुरक्षितता यांची परीक्षा शांत चित्तानें कशी करावी, याचा येथें थोडा विचार करूं.

हा प्रश्न कांहीं आजचा नव्हे. इंग्लंडांतील ऑक्सफर्ड येथें इ. स. १२०९ मध्यें एका स्त्रीच्या खुनावरून गांवकरी आणि विद्यार्थी यांच्यांत वैर उसळलें. दोघां-तिघां विद्यार्थ्यांस फांशी देण्यांत आलें आणि भयभीत झालेले पुष्कळ विद्वान् गांव सोडून गेले. त्यांपैकीं कांहीं केंब्रिज येथें जाऊन राहिले, आणि तेथूनच त्या जगविख्यात विद्यापीठाचा आरंभ झाला.

आपल्या महाराष्ट्रांतील उदाहरण महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें आहे. विधवांसाठीं काढलेला आश्रम त्यांनीं १९०० सालीं पुणें शहराबाहेर हिंगणें येथें एका झोपडींत नेला. शहरांत सनातन्यांचा विरोध होता आणि प्लेगाचें भयही होतें. हिंगण्याच्या एकांतांत मुलींना अभय मिळालें. पण त्या एकांताची किंमत स्वतः कर्व्यांनीं मोजली. फर्ग्युसन कॉलेजांत गणित शिकवून ते पायीं हिंगण्यास जात असत. आज तेंच हिंगणें पुण्याच्या भर वस्तींत सामावून गेलें आहे. यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. पहिली ही कीं, स्थळाची निवड हा शिक्षणाचाच एक भाग आहे. दुसरी ही कीं, स्थळ नेहमीं तसेंच राहत नाहीं. वडील ज्या पुण्यांत शिकले तें पुणें आतां मुलाला मिळणार नाहीं; म्हणून केवळ जुन्या आठवणींवर विसंबून निर्णय करूं नये.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. त्या काळीं उच्च शिक्षणासाठीं पुष्कळांना हैदराबाद गांठावें लागे. पुढें १९५० सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें औरंगाबादेस महाविद्यालय काढलें आणि १९५८ सालीं तेथें मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालें. आज विद्यार्थ्यापुढें निवडीस तीन प्रकारचीं स्थळें असतात.

पहिला प्रकार भर शहरांतील विद्यालयांचा. मुंबई विद्यापीठाचा फोर्ट येथील जुना परिसर याचा उत्तम नमुना होय. राजाबाई मनोऱ्याखालचें ग्रंथालय, शेजारीं उच्च न्यायालय, चालत जाण्याच्या अंतरावर दोन मोठीं रेल्वे स्थानकें. दिवसा तेथें माणसांचा महापूर असतो. परंतु कचेऱ्या सुटल्यावर तेच रस्ते पुष्कळसे रिकामे होतात. अशा ठिकाणीं विद्यार्थी शिकतो एकीकडे आणि राहतो दुसरीकडे, म्हणून त्याची खरी शाळा लोकलगाडींतच भरते!

दुसरा प्रकार विस्तीर्ण परिसराचा. पुण्यांतील गणेशखिंडीचा परिसर सुमारें चारशें एकरांचा आहे. तेथील मुख्य इमारत ही पूर्वींच्या गव्हर्नरांचें निवासस्थान होती. छत्रपति संभाजीनगरचा परिसर तर लेण्यांच्या डोंगरापायथ्याशीं सातशेंहून अधिक एकरांवर पसरला आहे. झाडी, शांतता, मोकळी हवा, जवळच ग्रंथालय आणि क्रीडांगण, हें सर्व अभ्यासास फार अनुकूल असतें. पण शांतता आणि निर्जनता या सख्ख्या बहिणी आहेत. ज्या वाटेवर सकाळीं पांखरांचा किलबिलाट ऐकूं येतो, त्याच वाटेवर रात्रीं नऊ वाजतां दिवा असतो कीं नाहीं, हें पाहिलें पाहिजे.

तिसरा प्रकार घराजवळच्या संस्थांचा. धाराशिव शहरांत विद्यापीठाचें उपकेंद्र आहे, आणि तुळजापुरास टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा परिसर १९८६ पासून आहे. सोलापूरचें स्वतंत्र विद्यापीठ २००४ पासून चालू आहे. जवळचें तें हलकें असें मानण्याचें कारण नाहीं. हवा असलेला विषय जर येथें चांगला शिकवीत असतील, तर केवळ मोठ्या शहराच्या हव्यासानें दूर जाणें शहाणपणाचें नव्हे. परंतु हवा असलेला विषय येथें नसेल, तर केवळ भीतीनें मुलाला अडवून धरणें हेंही न्यायाचें नव्हे.

आतां सुरक्षितता म्हणजे नेमकें काय, तें पाहूं. नळदुर्ग आणि परंडा येथील किल्ले आपण सहलींत पाहिले आहेत. तट कितीही जाड असला, तरी दरवाजावरचा माणूस इमानी नसेल तर तो तट व्यर्थ होय. वसतिगृहाचेंही तसेंच आहे. जून २०२३ मध्यें मुंबईंत चर्नी रोड भागांतील एका सरकारी वसतिगृहांत एका विद्यार्थिनीचा खून झाला आणि संशय तेथील पहारेकऱ्यावरच आला. म्हणून ‘पहारा आहे काय’ एवढेंच विचारून थांबूं नये. पहारेकरी कोणी नेमला, त्याची चौकशी पोलिसांकडून झाली आहे काय, मुलींच्या वसतिगृहांत रात्रीं स्त्री-अधीक्षक राहते काय, सुट्टींत मुली थोड्या उरल्या म्हणजे त्यांची व्यवस्था काय, हे प्रश्न विचारण्यांत कोणताही संकोच करूं नये. चांगल्या संस्थेला असल्या प्रश्नांचा राग येत नाहीं.

दुसरी गोष्ट रस्त्याची आणि वेळेची. आपल्याकडून पुण्यास जाणारी रात्रीची गाडी पुष्कळदां उजाडण्यापूर्वींच पोंचते. फेब्रुवारी २०२५ मध्यें पुण्याच्या स्वारगेट स्थानकांत पहांटेच्या सुमारास उभ्या असलेल्या गाडींत एका तरुणीवर अत्याचार झाला, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. दोष त्या तरुणीचा किंवा तिच्या प्रवासाचा नव्हे; तो सर्वस्वीं अपराध्याचाच होय. तथापि पालकांनीं मात्र एवढें करावें कीं, गाडी दिवसाउजेडीं पोंचेल अशी बेतावी, अगर स्थानकावर ओळखीचें माणूस येईल अशी तजवीज ठेवावी. अंतरही मैलांत मोजूं नये. तें मिनिटांत, आणि किती वाहनें बदलावीं लागतात त्यावर मोजावें. दूरची खोली महिन्याकांठीं हजार रुपयांनीं स्वस्त पडते खरी, पण ती बचत कित्येकदां भाड्यांत आणि काळजींतच खर्ची पडते.

तिसरी गोष्ट इमारतीची. ही आपल्या जिल्ह्याला कोणी निराळी शिकवावयास नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या भूकंपानें लातूर जिल्ह्याबरोबर आपल्या उमरगा-लोहारा भागांतही हजारों माणसें झोपेंतच गाडलीं. भूकंपानें जितकीं माणसें मारलीं त्याहून अधिक जड माळवदांनीं आणि मातींत रचलेल्या दगडी भिंतींनीं मारलीं, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं. शहरांतील संकटें निराळीं असतात. एका खोलींत सहा-आठ खाटा, एकच अरुंद जिना, जिन्याखालींच विजेचे मीटर आणि रचून ठेवलेल्या दुचाक्या; अशा घरांत आग लागली तर मुलांनीं जावें कोठून? नदीकांठचें घर असेल तर पाणी कोठवर चढतें हेंही विचारावें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां पुण्याच्या नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या होत्या.

चौथी गोष्ट कायद्याची. नव्या विद्यार्थ्यांचा छळ करण्याच्या दुष्ट प्रथेस महाराष्ट्रांत १९९९ च्या कायद्यानें बंदी आहे. अपराध्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते, आणि तक्रार आल्यावर संस्थेच्या प्रमुखानें सात दिवसांच्या आंत चौकशी करावी, असा दंडक आहे. यासाठीं सर्व देशाकरितां १८००-१८०-५५२२ हा विनामूल्य दूरध्वनि अहोरात्र चालू असतो. तात्काळ संकटांत ११२ हा क्रमांक आहे. स्त्रियांच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीं प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेंत समिती असणें बंधनकारक आहे. त्या समितीचीं नांवें फलकावर लावलेलीं आहेत कीं नाहींत, एवढें पाहिलें तरी संस्थेची वृत्ति कळून येते.

पांचवी गोष्ट भिंतींनीं राखतां येत नाहीं. ती म्हणजे मनाची मोकळीक. १९३८ सालीं उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हटल्यावरून शेंकडों विद्यार्थ्यांस काढून टाकण्यांत आलें, आणि त्यांतील पुष्कळांना नागपूर विद्यापीठानें आश्रय दिला. वसतिगृह तेथेंही पक्कें होतें, पहारा तेथेंही होता; पण ज्या घरांत बोलण्याचीच भीति, त्याला सुरक्षित कसें म्हणावें? आजही जेथें तक्रार करणाऱ्यासच गप्प बसवितात, जेथें जात, धर्म किंवा बोली यांवरून पोराची टिंगल होते, तें ठिकाण कितीही उंच कुंपणाचें असलें तरी सुरक्षित नव्हे.

मग परीक्षा करावी कशी? माहितीपुस्तकावरून ती होत नाहीं; पुस्तकांतील चित्रांत ऊन नेहमीं कोवळेंच असतें. प्रवेशापूर्वीं एकदां तरी मुलाला बरोबर घेऊन तेथें जावें. एकदां दिवसा आणि एकदां रात्रीं आठ-नऊच्या सुमारास, ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंतची वाट पायीं चालून पाहावी. खाणावळींत एक वेळ जेवावें. अधिकाऱ्यांना जें विचारावयाचें तें विचारावेंच; पण आपल्या जिल्ह्यांतील जे विद्यार्थी तेथें दोन वर्षें राहिले आहेत, त्यांना दोन गोष्टी अवश्य विचाराव्या. येथें रात्रीं आजारी पडल्यास दवाखान्यांत कोण नेतें? आणि तक्रार केली तर पुढें काय होतें? या दोन उत्तरांत सर्व कांहीं येतें.

पालकांस एक विनंती करावीशी वाटते. सुरक्षितता हें निमित्त करून मुलीचें शिक्षण बंद करूं नका. संकट शहरांतच असतें आणि गांवांत नसतें, असें नाहीं. आणि अशिक्षित राहणें हेंही एक मोठें संकटच आहे. जी तपासणी मुलीसाठीं कराल तीच मुलासाठींही करा. छळ आणि अपघात हे मुलगा-मुलगी असा भेद करीत नाहींत. मुलांनींही ध्यानांत ठेवावें कीं, घरीं खरें सांगण्याची संवय हेंच त्यांचें सर्वांत मोठें संरक्षण होय. आणि पालकांनीं तें खरें ऐकून घेतांना रागावूं नये, म्हणजे ती संवय टिकेल.

बुरूज बांधावयास निघालेला मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करतो, हा प्रभु येशूचा दृष्टांत आपण शाळेंत ऐकला आहे. त्या मनुष्यानें हिशेब केला तो बुरूज पुरा व्हावा म्हणून. काम सोडून देण्यासाठीं नव्हे. शहर निवडतांना आपणही तसाच हिशेब करावा, आणि तो नीट जुळला कीं मुलांच्या हातीं शिदोरी देऊन त्यांना निर्भयपणें वाटेला लावावें.