मार्चमधला बर्फ आणि उन्हाळी टायर

१२ मार्च २०१३, मंगळवार. आधीच्या आठवड्यात फ्रँकफर्टला इतकं छान ऊन पडलं होतं की आम्ही बाल्कनीत बसून चहा घेतला आणि ह्यांनी गाडीचे हिवाळी टायर काढून उन्हाळी बसवून आणले. इथे लोकांच्या तोंडी एक नियम असतो, 'ओ ते ओ'. ऑक्टोबर ते ओस्टर्न, म्हणजे ईस्टरपर्यंत हिवाळी टायर. त्या वर्षी ईस्टर ३१ मार्चला होता. पण ऊन बघून माणूस हुरळतोच!

पहाटे उठले तर बाहेर नुसतं पांढरं. हे म्हणाले, "मी घरूनच काम करतो." माझं तसं कुठलं चालायला! मी घरोघरी जाऊन वृद्धांची शुश्रूषा करायचे. बर्फामुळे कामावर पोहोचला नाहीत तर इथे त्या वेळेचा पगार सहसा मिळत नाही, पण त्या दिवशी मला पगाराची काळजी नव्हती. सेकबाखच्या आजींना नाश्त्याआधी इन्सुलिन द्यायचं होतं. वय ८७, नजर अधू, घरात एकट्या.

बर्फात उन्हाळी टायरवर गाडी काढायला कायद्यानेच बंदी. बस येईना. शेवटी बोर्नहाइमहून चालत निघाले. फुटपाथवरचा बर्फ घरमालकांनी काढायचा असतो, पण एक फावडं मारेपर्यंत पुन्हा तेवढाच साठत होता. वाऱ्याने डोळे उघडेनात. चढावर दोनदा आपटले. एरवीची अर्ध्या तासाची वाट, सव्वा तास लागला.

दार उघडलं तर आजी टेबलाशी, हातात इन्सुलिनचं पेन. रोजचे १२ युनिट. पेनवर लावले होते २१.

"तुम्ही येणार नाही असं वाटलं, म्हटलं आपणच घेऊ," त्या म्हणाल्या. मी काही न बोलता पेन काढून घेतलं. हात माझेच थरथरत होते. साखर तपासली, १२ युनिट दिले, समोर बसून त्यांना पाव खायला लावला. निघताना त्यांनी दिवंगत नवऱ्याचे लोकरीचे मोजे माझ्या हातात कोंबले. अजून तीन घरं बाकी होती.

रात्री बातम्यांत कळलं, दुपारी विमानतळच काही वेळ बंद होता आणि म्युन्त्सेनबेर्गजवळ ए-४५ महामार्गावर शंभरेक गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या. हे गुपचूप उठले आणि तळघरात हिवाळी टायर बघायला गेले.