हृदयाची जुनी गोळी, लिव्हरच्या कामाला

आतड्यांतलं रक्त पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून यकृतात जातं. सिरॉसिसमध्ये यकृत कडक होतं, रक्ताची वाट अडते आणि ते मागे तुंबतं. हेच पोर्टल हायपरटेन्शन. दंडाला पट्टा बांधून हा दाब कळत नाही. मानेतल्या शिरेतून बारीक नळी यकृतापर्यंत नेऊन, यकृतात शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या रक्ताच्या दाबातला फरक काढतात. निरोगी माणसात तो 5 मिलिमीटरपर्यंत असतो. 10 झाला की जलोदराचा धोका. 12 झाला की अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून रक्ताच्या उलट्या होण्याचा.

आता गंमत बघा. प्रोप्रॅनोलॉल हे हृदयविकाराचं औषध. ते ठोके मंद करतं, आतड्यांकडे जाणारं रक्तही कमी करतं. 1981 मध्ये फ्रान्समध्ये दिदिए लब्रेक आणि सहकाऱ्यांनी, एकदा रक्तस्राव झालेल्या 74 रुग्णांवर ते तपासलं. वर्षाअखेर औषध घेणाऱ्यांपैकी 96 टक्क्यांना पुन्हा रक्तस्राव झाला नव्हता. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 50 टक्के होतं.

पण रक्त पडेपर्यंत थांबायचं कशाला? स्पेनमध्ये 201 रुग्णांना अशा गुंतागुंती होण्याआधीच या गटातली औषधं किंवा खोटी गोळी दिली. 2019 चा निकाल असा: आजार बिघडणं किंवा मृत्यू, 27 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर. मुख्य फायदा जलोदर टळण्यात दिसला.

ही गोळी मनाने घेऊ नका. दमा असेल तर ती घातक ठरू शकते. पण सिरॉसिसचं निदान झालं असेल, तर डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: "माझा पोर्टल दाब वाढलाय का?"