‘निम्मं-निम्मं ठरलंय’: को-फाउंडरबद्दलचे काही गैरसमज

दिवाळीच्या आगेमागे बालाघाटच्या डोंगरातलं सीताफळ एकदम बाजारात येतं आणि पिकलं की दोन-तीन दिवसांत हाताबाहेर जातं. म्हणून दरवर्षी पाटोद्याला नाहीतर धारूरला, कुठल्यातरी चहाच्या टपरीवर, गराचा धंदा जन्माला येतो. ‘जागा माझी, पैसा तुझा, निम्मं-निम्मं.’ २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून तर या गप्पांना चांगलाच जोर चढलाय. गप्पा वाईट नाहीत. पण को-फाउंडर म्हणून जे काही गृहीत धरलं जातं, त्यातलं बरंचसं ना कायद्यात बसतं ना अनुभवात.

सगळ्यात पक्का समज हा, की भाऊ नाहीतर जिवलग मित्र यापेक्षा चांगला भागीदार नाही. दाखले हाताशी असतात. किर्लोस्कर बंधूंनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं. रहिमतपूरच्या कैलास आणि संजय काटकरांनी पुण्यात ‘क्विक हील’ उभी केली आणि २०१६ मध्ये ती शेअर बाजारात नेली. दाखले खरे आहेत, पण त्यातून घ्यायचं ते वेगळंच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत शिकवत होते, ते तिथून सायकली धाडायचे. रामूअण्णा बेळगावात त्या विकायचे. कैलास काटकरांचा हात दुरुस्ती आणि धंद्यावर बसलेला, अँटिव्हायरसचं सॉफ्टवेअर लिहिलं संजय यांनी. रक्ताच्या नात्याइतकंच कामाच्या वाटणीनंही ते धंदे तारले. अमेरिकेतले अभ्यासक नोम वॉसरमन यांनी हजारो संस्थापकांची माहिती तपासली. त्यांना आढळलं, की आधी एकत्र नोकरी केलेल्यांच्या जोड्यांपेक्षा मित्र आणि नातलगांच्या जोड्या लवकर फुटतात. कारण उघड आहे. मित्राला ‘तुझं काम बरोबर होत नाही’ हे सांगायला जीभ रेटत नाही.

सीताफळाचंच बघा. गर तापवला की कडवट होतो, उघडा राहिला की काळा पडतो. म्हणजे आंब्यासारखा शिजवून डबाबंद करायची सोय नाही. बी काढायची आणि लगेच उणे १८ अंशांच्या खाली गोठवायचं. रात्री वीज गेली, जनरेटर वेळेवर चालू झाला नाही, तर हंगामाचा माल गेला. मग धंद्याला माणसं दोन तऱ्हेची लागतात: एक जो शीतगृह आणि यंत्रं सांभाळेल, आणि दुसरा जो पुण्या-मुंबईच्या आइस्क्रीमवाल्यांकडे माल खपवून उधारी वसूल करेल. दोन जिवलग मित्र, दोघंही बागायतदार, दोघांनाही फळ पारखता येतं, अशी जोडी जमली तर एकच काम दोघं करतात आणि दुसरं कुणीच करत नाही.

‘निम्मं-निम्मं केलं की भांडण उरत नाही’ हा समज आपल्याकडे बटईच्या शेतीतून आला असावा. बटईत ते चालतं, कारण हंगाम संपला, रास झाली, वाटा घेतला, हिशोब मिटला. कंपनीची रास अशी दरवर्षी उधळून वाटता येत नाही. खासगी मर्यादित कंपनीत साधा ठराव मंजूर व्हायला निम्म्याहून जास्त मतं लागतात. विशेष ठरावाला ७५ टक्के. दोघांकडे नेमके ५०-५० टक्के असतील, तर एक ‘नाही’ म्हणाला की कंपनी जागच्या जागी उभी. वाद चिघळला तर अन्याय आणि गैरकारभाराची तक्रार राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाकडे न्यायची. आपल्यासाठी ते मुंबईत आहे. निम्मं करूच नये असं नाही. पण अडलं तर शेवटचा शब्द कुणाचा, हे पहिल्याच दिवशी ठरवावं.

त्याहून मोठी चूक म्हणजे सगळा हिस्सा आधीच हातात देणं. आठ महिन्यांत एकाला तलाठ्याची नोकरी लागली (आणि स्पर्धा परीक्षेचे फॉर्म आपल्याकडे भरलेले असतातच), तो निघून गेला, तरी त्याचे निम्मे शेअर त्याच्याचकडे राहतात. दुसरा दहा वर्षं राबतो ते त्याच्यासाठीही. म्हणून स्टार्टअपच्या जगात रीत पडलीय, की हिस्सा चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं पक्का व्हायचा आणि पहिलं वर्ष पुरं झाल्याशिवाय काहीच नाही. ही अट भागधारकांच्या करारात घालता येते. हिला अविश्वास म्हणणाऱ्याशी भागीदारी करण्याआधी दोनदा विचार करावा.

कागदाचं तर विचारूच नका. ऊसतोडीची उचल देताना मुकादम अनेकदा स्टँपपेपरवर सही घेतो. जिथे उचल दिसते तिथे कागद, आणि जिथे पुढची दहा-पंधरा वर्षं पणाला लागतात तिथे ‘आपलं तोंडी ठरलंय’! तोंडी भागीदारी बेकायदा असते, हाही गैरसमजच. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार ती वैध आहे आणि धोका तिथेच आहे. काही ठरवलं नसेल तर कायदा नफा-तोटा सारखा वाटतो, मग कुणी किती घातलं ते बघत नाही. पेढीच्या देण्यासाठी प्रत्येक भागीदार पूर्ण जबाबदार; भागीदारानं उचललेलं कर्ज तुमच्या घरापर्यंत येऊ शकतं. आणि पेढीची नोंदणी नसेल, तर कराराच्या जोरावर पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकावर दावाही लावता येत नाही. मर्यादित दायित्व भागीदारीत, म्हणजे २००८ च्या कायद्याखालच्या एलएलपीत, घर सहसा सुरक्षित राहतं. पण तिथेही करार केला नाही तर वाटे समसमानच धरले जातात.

कागद कोडलाही लागतो. ॲप किंवा वेबसाइटचा कोड को-फाउंडरनं कंपनी निघण्याआधी लिहिला असेल, तर त्याचा कॉपीराइट त्याचाच. लेखी हस्तांतर झाल्याशिवाय तो कंपनीचा होत नाही.

को-फाउंडर नसला तर स्टार्टअपची सरकारी मान्यता मिळत नाही, असंही ऐकू येतं. अडचण एकट्याच्या मालकीच्या दुकानाला येते, एकट्या माणसाला नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यानं एक व्यक्ती कंपनीची सोय केलीय. फक्त नॉमिनी म्हणून एकाची लेखी संमती लागते. हे माहीत नसल्यानं कित्येक जण दोन संचालकांची संख्या भरायला आईचं नाहीतर बायकोचं नाव टाकतात. संचालक म्हणून सही केली की जबाबदारीही आली, हे त्या बिचाऱ्यांना पहिली नोटीस आल्यावर कळतं. आणि एकट्यानं धंदा टिकत नाही म्हणावं, तर जेसन ग्रीनबर्ग आणि ईथन मॉलिक यांच्या २०१८ च्या अभ्यासात एकट्या संस्थापकांचे उद्योग जोड्या-टोळ्यांच्या उद्योगांपेक्षा जास्त काळ टिकलेले दिसले.

उरला ‘बीडमध्ये तांत्रिक माणूस मिळतच नाही’ हा रडगाण्याचा भाग. आष्टी तालुक्यातल्या सांगवी पाटणच्या दादासाहेब भगत यांनी लॉकडाउनमध्ये गावी येऊन डिझाइनचं काम मांडलं ते डोंगरावरच्या गोठ्यात, कारण रेंज तिथे मिळायची; आणि हाताशी घेतले ते गावातलेच मित्र. पुढे ‘शार्क टँक इंडिया’त गुंतवणूकदार अमन गुप्तांनी त्यांच्या कंपनीत १० टक्क्यांसाठी एक कोटी घातले. अंबाजोगाईला, परळीला अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. छत्रपती संभाजीनगरला नव्या उद्योगांना हात देणारी ‘मॅजिक’ संस्था आणि विद्यापीठाचं अटल इन्क्युबेशन केंद्र आहे. तिथे माणसं भेटतात, पण भेटला म्हणजे को-फाउंडर झाला नाही. आधी एक हंगाम ठरलेल्या पैशांवर सोबत काम करावं. उधारी थकली, माल परत आला, रात्री दोनला फोन लागला नाही, तेव्हा माणूस कसा वागतो हे त्यात दिसतं. हिस्सा त्यानंतर बोलावा.

आणि टपरीवरचे सगळेच जण सीताफळवाले शेतकरी असतील, तर त्यांना मुळात को-फाउंडर नकोच आहे. दहा उत्पादक जमले की शेतकरी उत्पादक कंपनी काढता येते. तिथे शेअर कुणाचे कितीही असोत, वैयक्तिक सभासदाला मत एकच. शीतगृह सांभाळायला मग पगारी माणूस नेमावा, आणि पगार वेळेवर द्यावा.