कुक काउंटीतील दिवाळखोरीच्या नोंदी
अमेरिकेत दिवाळखोरी हा संघराज्याच्या कायद्याचा विषय असल्यामुळे कुक काउंटीतील कर्जदाराचा खटला काउंटीच्या कचेरीत शोधणे व्यर्थ होय. तो इलिनॉयच्या उत्तर जिल्ह्यासाठी शिकागोत बसणाऱ्या दिवाळखोरी न्यायालयात नोंदलेला असतो. ‘पेसर’ या न्यायालयीन संगणकप्रणालीत खाते उघडून नाव किंवा खटला क्रमांक दिल्यास ‘डॉकेट’, म्हणजे दाखल कागदपत्रांची तारीखवार नोंद, मिळते आणि अर्ज दिवाळखोरी कायद्याच्या प्रकरण 7 अन्वये मालमत्ता विकून ऋणमुक्त होण्याचा आहे की प्रकरण 13 अन्वये हप्त्यांनी फेडीचा, हेही कळते. पानामागे 10 सेंट पडतात, पण तिमाहीत 30 डॉलरपर्यंतची आकारणी माफ असल्याने किरकोळ शोध बहुधा फुकटातच भागतो. खरी अडचण नामसाधर्म्याची; सामाजिक सुरक्षा क्रमांकाचे शेवटचे चारच अंक उघड असल्याने पत्ताही ताडून पाहावा लागतो.