फी भरण्याआधी मान्यता बघा

मैत्रिणींनो, लग्न झालं, गाव बदललं, की लेकीचं कॉलेज अर्धवट सुटतं. मग झालेली वर्षं वाया जातात का? नाही, पण कॉलेज मान्यताप्राप्त हवं. ‘सरकारी नोंदणीकृत’ या पाटीला भुलू नका. नोंदणी नुसत्या संस्थेचीही होते; पदवी मात्र १९५६च्या कायद्यानुसार मान्य विद्यापीठालाच देता येते. बनावट विद्यापीठांची यादी विद्यापीठ अनुदान आयोग जाहीर करतो. फी भरण्याआधी ती बघू या.

पास झालेल्या विषयांचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, २०२१च्या नियमांनुसार लेकीच्या नावाने क्रेडिट बँकेत जमा होतात, आपल्या बचतगटाच्या पासबुकासारखे. ते जास्तीत जास्त ७ वर्षं चालतात. त्यातले किती धरायचे, हे नवं विद्यापीठ ठरवतं. म्हणून जुन्या कॉलेजातून दाखला काढण्याआधी तिथं लेखी विचारून घ्या.