मारामारी मोबाइलमधून येते का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेदहाच्या सुमारास नळापाशी आरडाओरडा झाला. आम्ही बाहेर येईपर्यंत एक सोळा वर्षांचं पोर हात दाबून खाली बसलं होतं आणि बोटांमधून रक्त गळत होतं. पत्र्याची पट्टी लागली होती. मारणारा त्याच्याच गल्लीतला, त्याच्याच वर्गातला. आम्ही ओढणीनं जखम घट्ट बांधली, हात वर धरायला लावला, रिक्षा मिळाली, दवाखान्यात सात टाके पडले. पण रिक्षा कोपऱ्यावर वळायच्या आतच गल्लीनं निकाल देऊन टाकला होता, "पब्जी. दुसरं काय?"

त्या रविवारी वंदनेनंतर विहारात बैठक बसली. एका दादांनी सुचवलं की दहावीपर्यंतच्या सगळ्या पोरांचे मोबाइल जमा करा. एका ताईंनी तर आदल्या रात्रीच मुलाचा फोन पाट्यावर ठेवून वरवंट्यानं फोडला होता. फोनचे चार हप्ते अजून बाकी होते. मग सगळे आमच्याकडे वळले, "ताई, तुम्ही नर्स आहात. हे गेम पोरांची डोकी फिरवतात की नाही, तुम्हीच सांगा." आम्ही म्हटलं, वेळ द्या, वाचून सांगतो. त्या दिवशी राहिलेलं उत्तर इथं देत आहोत.

हा प्रश्न आपल्या वस्तीत नवा असला तरी जगात जुना आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात पोरं बिघडतात म्हणून चित्रांच्या गोष्टींची पुस्तकं, म्हणजे कॉमिक्स, आरोपीच्या पिंजऱ्यात होती. आपल्याकडे आमच्या लहानपणी भाड्यानं व्हीसीआर आणून पाहिलेल्या मारधाडीच्या सिनेमांवर खापर फुटायचं. गेमची पाळी आली ती २० एप्रिल १९९९ रोजी. त्या दिवशी अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून बारा विद्यार्थी आणि एका शिक्षकाला मारलं. दोघंही 'डूम' नावाचा गोळ्या झाडायचा गेम खेळायचे. मृतांच्या नातेवाइकांनी गेमच्या कंपन्यांवर दावा लावला, तो २००२ मध्ये न्यायालयानं फेटाळला. तरी तेव्हापासून जिथं पोरानं बंदूक उचलली तिथं पहिला सवाल हाच, गेम खेळत होता का?

१६ एप्रिल २००७ रोजी व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्यानं ३२ जणांना मारलं. तपास सुरू होतो न होतो तोच टीव्हीवर गेमला दोष देणारे लोक बसले. पुढं चौकशी समितीचा अहवाल आला. त्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलांनी त्याला कधी गेम खेळताना पाहिलंच नव्हतं. मात्र त्याचं मानसिक आजारपण शाळेपासूनचं होतं आणि विद्यापीठात आल्यावर उपचाराचा धागा तुटला होता. तो तुटलेला धागा टीव्हीवर फार कुणी दाखवला नाही. २०१२ च्या डिसेंबरमध्ये सँडी हुक शाळेत वीस लहान मुलं आणि सहा मोठी माणसं मारली गेली. मारणाऱ्याच्या घरी मारधाडीचे गेमही सापडले. पण सरकारी वकिलाच्या अहवालात लिहिलंय की तासन्‌तास तो खेळायचा तो पायांखालच्या फळीवर नाचायचा गेम. आणि त्याच घरात खऱ्या बंदुका होत्या, हेही त्याच अहवालात आहे.

मग शास्त्र काय म्हणतं? आधी हे सांगायला हवं की गेमनं राग वाढतो असं सांगणारे प्रयोग खूप झाले आहेत. पण ते कसे झाले ते कळलं तेव्हा आम्हाला हसू आलं. खऱ्या माणसाला मारायला सांगून प्रयोग करता येत नाही. म्हणून गेम खेळून झाल्यावर मुलाला सांगतात, दुसऱ्याला कानात किती मोठा आवाज ऐकवायचा ते तू ठरव. किंवा, ज्याला तिखट आवडत नाही अशा माणसासाठी मिरचीचा सॉस तू वाढ. जास्त वाढला तर तो आक्रमक! या मापानं आमची सासू जगातली सर्वांत धोकादायक बाई ठरली असती. चेष्टा सोडा, पण चमचाभर सॉस आणि हातातली पट्टी यांत फार अंतर आहे, आणि बातम्यांमध्ये ते अंतर गायब होतं.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या मोठ्या संघटनेनं २०१५ मध्ये गेम आणि आक्रमकपणा यांचा संबंध असल्याचा ठराव केला होता. लोक त्याचा अर्थ 'गेममुळे खून होतात' असा लावू लागले, तेव्हा २०२० मध्ये त्यांनीच तो ठराव सुधारला. ओरडणं, ढकलणं अशा गोष्टींशी लहानसा संबंध दिसतो, पण जीवघेण्या हिंसेशी संबंध जोडायला पुरेसा पुरावा नाही, असं त्यांनी स्पष्ट केलं. २०१९ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या चौदा-पंधरा वर्षांच्या १००४ मुलामुलींचा अभ्यास केला. मुलं काय खेळतात ते मुलांना विचारलं, ती वागतात कशी ते आईबापांना विचारलं, आणि कोणता गेम किती हिंसक हे सरकारमान्य श्रेणीवरून ठरवलं. हिंसक गेम जास्त खेळणारी मुलं जास्त आक्रमक वागतात, असं त्यात आढळलं नाही. जपान आणि दक्षिण कोरियात गेम आपल्यापेक्षा कितीतरी जास्त खेळतात, तिथं खुनांचं प्रमाण जगात अगदी खालच्या रांगेत आहे. अमेरिकेत १९९३ नंतर गेमचा धंदा वाढत गेला, त्याच काळात तरुणांचे हिंसक गुन्हे उतरत गेले. गेम खेळल्यामुळे उतरले असं आम्ही म्हणत नाही. पण गेममुळे वाढले, असं म्हणायची तर सोयच उरत नाही.

एक अभ्यास मात्र आपण वस्तीतल्या लोकांनी पाठ करून ठेवावा असा आहे. तोही २०१९ चाच. अमेरिकेतल्या २०४ सामूहिक गोळीबारांवरच्या दोन लाखांहून जास्त बातम्या संशोधकांनी तपासल्या. शाळेत गोळीबार करणारा गोरा असेल, तर बातमीत व्हिडिओ गेमचा उल्लेख यायची शक्यता, तो काळा असण्याच्या तुलनेत, आठ पटींहून जास्त निघाली. का? गोऱ्या पोरानं असं केलं की समाजाला धक्का बसतो, 'हा तर चांगल्या घरचा, याला काय झालं', म्हणून बाहेरचं कारण शोधतात. काळ्या पोराच्या बाबतीत कारण शोधायची गरजच वाटत नाही, तो तसाच असतो असं मनात पक्कं बसलेलं असतं.

हे वाचून आम्ही बराच वेळ गप्प बसलो. सोसायटीतल्या मुलानं मारामारी केली की 'मोबाइलचं व्यसन', समुपदेशक, डॉक्टर. आपल्या पोरानं केली की 'वस्तीतलीच पोरं ती', आणि पोलिसांची गाडी. त्या रात्रीनंतर आमच्या गल्लीतल्या पाच पोरांना चौकीत बोलावून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. त्यातली तिघं तर त्या वेळी घरात झोपलेली होती. आईबापांनी एवढं लक्षात ठेवा : अठरा वर्षांखालच्या मुलाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. त्याला ताब्यात घेतलं, तर चोवीस तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढं उभं करावं लागतं. प्रवासाचा वेळ तेवढा वेगळा.

आपल्या देशातही बंदीची हौस कमी नाही. २०१९ च्या मार्चमध्ये राजकोटच्या पोलिसांनी पब्जी खेळायला बंदी घातली आणि खेळणाऱ्या कॉलेजच्या पोरांना पकडलंही. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं ११८ ॲप बंद केले त्यांत पब्जी होता, पण कारण हिंसेचं नव्हतं, देशाच्या सुरक्षेचं होतं. पुढच्याच वर्षी तोच गेम नवं नाव लावून परत आला. त्याआधी २०१७ मध्ये अंधेरीतल्या एका मुलाच्या मृत्यूनंतर 'ब्लू व्हेल'ची केवढी दहशत पसरली होती, आठवतं? शाळांनी पालकांना पत्रं पाठवली होती. २०१८ च्या सुरुवातीला केंद्र सरकारनं लोकसभेत सांगितलं की तपासलेल्या घटनांपैकी एकीतही त्या गेमचा हात सिद्ध झाला नाही. तोवर त्या मुलांना आतून काय खात होतं, हे विचारायची वेळ निघून गेली होती.

मोबाइलमुळे माणसं मेली, असं महाराष्ट्रात घडलंय. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून जमावानं ठेचून मारलं. व्हॉट्सॲपवर अफवा फिरत होती. त्यानंतर कंपनीला एकच मजकूर पाचहून जास्त ठिकाणी पुढं पाठवण्यावर भारतात बंधन घालावं लागलं. मारणारे गेम खेळणारी पोरं नव्हती, गावातली बाप्ये माणसं होती, आणि मेले ते भटक्या जमातीतले, ज्यांच्यावर संशय घ्यायला गावाला फार काही लागत नाही. मुलाचा गेम तपासताना आपल्या स्वतःच्या फोनवर काय आलंय आणि आपण काय पुढं ढकललंय, तेही एकदा पाहावं.

आम्ही बारा वर्षं एका मोठ्या दवाखान्याच्या अपघात विभागात काम केलं. फुटलेली डोकी, भाजलेल्या बायका, मोडलेली मनगटं किती बांधली त्याची मोजदाद नाही. रात्री अकरानंतर येणाऱ्या जखमांना बहुतेक वेळा दारूचा वास असायचा. बाई म्हणायची, "मोरीत पाय घसरला." पाय घसरून दोन्ही दंडांवर बोटांचे वळ उठत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची फेरी सांगते की देशात लग्न झालेल्या दहा बायांपैकी जवळजवळ तिघींनी नवऱ्याची मारहाण किंवा जबरदस्ती सोसली आहे. नवरा नेहमी दारू पिऊन तर्र होत असेल, तर हा आकडा सुमारे ७० टक्क्यांवर जातो. पीत नसेल तर २३ टक्के, म्हणजे तोही कमी नाहीच. हे सगळं दहा बाय बाराच्या खोलीत पोरांच्या डोळ्यांदेखत होतं.

आता त्या रात्रीकडे परत येतो. मारणाऱ्या पोराच्या तळव्यालाही पत्रा लागला होता. भीतीनं तो दवाखान्यात गेला नव्हता. तिसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर मागच्या दारानं आमच्याकडे आला. जखम चिघळली होती, ताप होता. आम्ही शर्ट काढायला लावला, तर पाठीवर पट्ट्याचे वळ, काही ताजे, काही जुने. हळूहळू बोलला. गेममधला आयडी, म्हणजे खेळून कमावलेलं खातं, त्यानं मित्राकडून दीड हजाराला विकत घेतलं होतं. मित्रानं पैसे घेतले आणि पासवर्ड बदलून खातं परत बळकावलं. ते दीड हजार आईनं गॅसच्या टाकीसाठी डब्यात ठेवलेले होते. त्या रात्री बापाला कळलं, बापानं पट्टा काढला, आणि पोरगं पाठ चोळत बाहेर पडलं ते सरळ नळाकडं.

गेम त्यात होता, नाही कसं म्हणणार? पण गेममधल्या बंदुकीनं त्याला हात उचलायला शिकवलं, असं आम्हाला वाटत नाही. शिकवणी घरी बऱ्याच वर्षांपासून चालू होती.

मग गेम निरुपद्रवी का? तसंही नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं गेमच्या व्यसनाची आजारांच्या यादीत नोंद केली आहे, ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खेळ थांबवता येत नाही, बाकी सगळ्याआधी खेळ येतो, नुकसान दिसत असूनही चालूच राहतो, आणि हे साधारण वर्षभर टिकतं, तेव्हा त्याला आजार म्हणतात. परीक्षेनंतर पोरगं आठवडाभर खेळत बसलं तर तो आजार नव्हे. आम्ही पाहतो त्या पोरांत खरा त्रास झोपेचा आहे. रात्री दोनपर्यंत जागरण, सकाळी शाळेत डुलक्या, दिवसभर चिडचिड. त्या चिडचिडीलाच आपण 'गेमनं हिंसक झाला' म्हणतो. दुसरा त्रास पैशाचा. रमीसारख्या पैसे लावायच्या गेमवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं देशभर बंदी आली आहे, पण आमच्या गल्लीत चोरवाटा अजून बंद झालेल्या नाहीत. डब्यातले पैसे मोजत राहा.

आयांना आम्ही एक साधी गोष्ट सांगतो. चालू डावात फोन हिसकावू नका. एक डाव अर्ध्या तासाच्या आसपास असतो आणि सोबत चार पोरं खेळत असतात. हिसकावलं की झटापट ठरलेली, आणि मग आपण म्हणतो, बघा, अंगावर आला. 'हा डाव संपला की फोन माझ्याकडे' असं आधी ठरवा आणि ठरलं ते पाळा. रात्री दहानंतर फोन आईच्या उशाशी. बापाचाही. बापाचा फोन चालू राहिला तर हा नियम दोन दिवस टिकत नाही, हे आम्ही पाच-सहा घरांत पाहिलंय. सात-आठ वर्षांच्या मुलांना रक्तामांसाचे गेम देऊच नका, त्यांना दचकून जाग येते, आणि त्यासाठी कुठल्या अभ्यासाची वाट पाहायची गरज नाही.

मूल जेवण टाळतंय, मित्र तुटलेत, शाळा सुटायला आलीय, मरणाची भाषा करतंय, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो, तिथं घेऊन जा. १४४१६ हा टेली मानसचा फोन फुकट आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलतात. मुलाला घरातच मार बसत असेल तर १०९८, बाईला बसत असेल तर १८१. हे नंबर आम्ही विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवलेत. दोनदा कुणीतरी पुसले, पुन्हा लिहिले.

त्या दोन्ही पोरांची प्रकरणं आपसात मिटली. टाके पडलेला आता क्लासला जातो. दुसऱ्याचा बाप दोन महिने आमच्याशी बोलला नाही. नंतर एका संध्याकाळी दारात येऊन उभा राहिला आणि विचारलं, "ताई, दारू सोडवायचं औषध सरकारी दवाखान्यात मिळतं का?" गुरुवारच्या ओपीडीला आम्ही त्याच्याबरोबर गेलो. सध्या तिसरी चिठ्ठी चालू आहे, मध्ये एकदा पिऊन आला होता.